इशारा पातळी

आमच्या बेडरूममध्ये एक खुर्ची आहे. लाकडी, हातांची, आण्णांच्या म्हणजे वडिलांच्या काळातली. गेल्या दहा वर्षांत तिच्यावर माणूस बसलेला मी पाहिलेला नाही. एकदाच घातलेला, पण धुवायला टाकावा एवढा न मळलेला शर्ट, दमट पँट, टॉवेल, रेनकोट, लग्नाला घालून गेलेला आणि 'उद्या इस्त्रीला देतो' म्हणून ठेवलेला सदरा, अशी मंडळी एकेक करून येतात आणि मुक्काम ठोकतात.

जुलैमधल्या एका सकाळी बायको चहा घेत मोबाईल बघत होती. "राजाराम बंधारा अडतीस फूट सात इंच," ती म्हणाली. आणि मान वर न करता पुढं, "अहो, खुर्चीनं मात्र काल रात्रीच धोका पातळी ओलांडली."

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सकाळी उठल्यावर माणूस आधी पंचगंगेची पातळी बघतो, मग दात घासतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर आलं की ती इशारा पातळी आणि ४३ फुटांवर आलं की धोका पातळी. गल्लीच्या, भिशीच्या, शाळेच्या, भावकीच्या, प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच आकडे फिरत असतात. इथल्या शेंबड्या पोरालाही हे दोन आकडे पाठ असतात.

बायको चेष्टेनं बोलली, पण तो शब्द माझ्या डोक्यात बसला. घरात, गाडीत, कागदपत्रांत आणि डोक्यात माझा जो काही पसारा असतो, त्याला धोका पातळी तेवढी आहे, इशारा पातळी नाही. सगळं उतू गेल्यावरच मला जाग येते. म्हणून हा लेख. मी काही टापटिपीचा माणूस नव्हे, हे आधीच सांगतो. पण चार-पाच वर्षांत थोडा सुधारलोय, आणि कसा सुधारलो ते लिहावंसं वाटलं.

आमचा उद्यमनगरात छोटा वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक शेपर, जो आता फक्त जागा अडवतो, आणि आम्ही चार माणसं. पंपाचे शाफ्ट, बुश, असली जॉबवर्कची कामं. आण्णांनी भाड्याच्या गाळ्यात सुरू केलेला. गंमत म्हणजे वर्कशॉपमध्ये माझ्याइतका शिस्तीचा माणूस नाही. पावणेसहाला मशीन बंद, लोखंडाचा कीस ब्रशनं ओढून डब्यात, बेड पुसून त्यावर तेलाचा हात, पाने फळीवर. फळीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ मारलेली आहे, त्यामुळं एखादा नसला की त्याची रिकामी सावली दिसते. एका मोठ्या कंपनीचे तपासनीस एकदा आमच्याकडं आले, तेव्हा फळी बघून खूश झाले. जपानी फाइव्ह एसचं बोलू लागले : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, तसंच टिकवा आणि अंगी बाणवा. आमचा जुना मिस्त्री कोपऱ्यात उभा होता. ते गेल्यावर म्हणाला, "मालक, हे तर आण्णा शिव्या घालून शिकवायचे. जपानला कुणी सांगितलं?"

आणि हाच मी संध्याकाळी घरी आलो की गाडीची चावी फ्रिजवर, नाहीतर देवघरात, नाहीतर बाथरूमच्या खिडकीत. रोज सकाळी नऊला घरात एकच आरोळी : "माझी चावी कुणी घेतली?" चावी कुणीच घेतलेली नसायची.

मला स्वतःलाच याचं नवल वाटायचं. तोच हात, तोच माणूस. मग तिथं जमतं ते इथं का जमत नाही?

उत्तर आण्णांच्या एका धड्यात होतं, पण ते कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. लेथच्या चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या जबड्यात, तो जॉब आवळायला एक चावी असते, टी आकाराची. ती चकमध्ये तशीच राहिली आणि कुणी मशीन चालू केलं, तर ती गोळीसारखी सुटते. कुणाच्या छातीत बसेल सांगता येत नाही. मी सोळा वर्षांचा असताना पहिल्या दिवशी आण्णांनी काही शिकवलं नाही. नुसती चावी लावायला आणि काढायला लावली. लावायची, आवळायची, काढायची, ट्रेमध्ये ठेवायची. पुन्हा. दुपारपर्यंत. मधेच एकदा मी आवळून झाल्यावर चावी तिथंच सोडून नाक खाजवायला हात उचलला, तर मनगटावर फटका बसला. "हात निघाला की चावी निघाली पाहिजे. चावी चकात आणि हात मोकळा, असं तुझ्या आयुष्यात एकदाबी दिसता कामा नये."

आज तीस वर्षं झाली. चक आवळून झाल्यावर चावी काढू की नको, असा विचार माझ्या मनात येत नाही. यायची सोयच नाही. हात आणि चावी एकच झालेत. चावी ट्रेमध्ये पडल्याचा 'टण्' असा आवाज आल्याशिवाय माझं दुसरं बोट बटणाकडं जात नाही. कधीकधी ट्रेमध्ये चिंधी असली आणि आवाज आला नाही, तर हात अडखळतो. म्हणजे सवय डोक्यात नसून त्या आवाजात आहे म्हणायची.

मग मी घरी काय केलं? दारामागं, आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला, वर्कशॉपमधली एक जुनी पत्र्याची ट्रे ठोकली. चप्पल काढायच्या आधी चावी ट्रेमध्ये टाकायची आणि टण् आवाज आला पाहिजे. बायको म्हणाली, "बाजारात छान लाकडी की-होल्डर मिळतात, त्यावर घोडा असतो." पण घोडा वाजत नाही. त्या ट्रेला लागून तीन-एक वर्षं झाली. चावी दोनदाच हरवली आणि दोन्ही वेळा ती मुलीनं नेली होती.

ही एक सवय सहज जमली. बाकीच्यांनी घाम काढला. मध्ये एका वर्षी १ जानेवारीला मित्रांच्या ग्रुपवर एकवीस दिवसांचा पण सुरू झाला. पहाटे पाचला उठायचं, रंकाळ्याला फेरी मारायची, डायरी लिहायची, गार पाण्यानं अंघोळ करायची. एकवीस दिवस केलं की सवय लागतेच, असं ज्यानं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. मी नवव्या दिवशी गळालो. रंकाळ्याच्या कट्ट्यावर पहाटे धुक्यात बरं वाटायचं, खोटं नाही बोलणार. पण फेरी झाल्यावर सगळे मिळून मिसळ खायला जायचे, त्यामुळं वजन वाढलं. डायरी आठ दिवसांची आहे. आठव्या पानावर 'उद्या नक्की' एवढंच लिहिलंय.

मुलगी मानसशास्त्र घेऊन शिकते. तिनं माझी फिरकी घेतली आणि मग नीट सांगितलं. एकवीसचा आकडा आला तो मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून. १९६० साली त्यानं लिहिलं होतं की, ऑपरेशननंतर आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला माणसाला साधारण निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'निदान' पुढं गळाला आणि चेहऱ्याच्या जागी पहाटेचं उठणं आलं. खरी मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००९ च्या सुमारास. ९६ जणांनी बारा आठवडे रोज एकेक साधी गोष्ट करायची ठरवली होती. कुणी जेवणाबरोबर फळ, कुणी पाण्याचा ग्लास, कुणी थोडा व्यायाम. अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा निघाला ६६. पण खरी गंमत दोन टोकांमध्ये आहे. कुणाला १८ दिवस, तर कुणाला हिशेबानं २५४.

"बाबा, तुम्ही दोनशे चौपन्नवाले," ती म्हणाली. मला एकदम हलकं वाटलं. आपल्यात खोट नाही, आपला आकडा मोठा आहे एवढंच! शिवाय त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. आम्ही तर एक दिवस चुकला की सगळंच मोडीत काढणारी माणसं. संकष्टीचा उपास चुकून मोडल्यावर दुपारी मटणच खाणाऱ्यांतले.

आता खुर्चीकडं यायच्या आधी मला पुराचं सांगितलं पाहिजे, कारण माझ्या डोळ्यांत अंजन पडलं ते तिथं.

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ. ऑगस्ट २०१९. त्या आठवड्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. धरणं भरलेली, राधानगरीची स्वयंचलित दारं उघडलेली. पाणी कधी रस्त्यावर आलं आणि कधी पायरीला लागलं, कळलं नाही. खरं म्हणजे कळत होतं. आकडा रोज दिसत होता. ३९ झालं, ४३ झालं, पुढं गेलं. पण 'आपल्यापर्यंत येत नाही' असं म्हणत आम्ही बसून होतो. त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं.

रात्री दोनला गल्लीतल्या पोरांनी दार वाजवलं. दहा मिनिटं आहेत, निघा. आई, बायको, मुलगी आणि मी. लाईट गेलेली. कागदपत्रांची फाईल कुठाय? मी कपाट उघडलं. फाईल मिळाली, पण तिच्यात मिक्सरचं वॉरंटी कार्ड, मुलीच्या बालवाडीतल्या चित्रकलेची प्रशस्तिपत्रं आणि १९९८ सालच्या एका भिशीचा हिशेब. घराचा उतारा, आण्णांच्या मृत्यूचा दाखला, विम्याचे कागद दुसऱ्या कुठल्या तरी फाईलमध्ये. ती कुठल्या तरी पिशवीत. ती पिशवी कशाच्या तरी खाली. हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि निघालो. राजारामपुरीत मेहुण्याच्या घरी पोचल्यावर पिशवी पलंगावर उपडी केली. त्यात काय होतं, तर दोन टॉवेल, लग्नाचा अल्बम, आईचा चष्मा (देवाची कृपा) आणि टीव्हीचा रिमोट. रिमोट मीच टाकला होता. का टाकला, मला आजही सांगता येत नाही. बायको आधी रडली आणि मग तो रिमोट बघून एवढी हसली की मेहुणा घाबरला.

पाणी ओसरल्यावर घरी आलो. गाळ. त्या गाळाचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर सरळ रेघ, कुणी पट्टी धरून मारल्यासारखी. पलीकडं कुंभारांचं तर बघवत नव्हतं. २ सप्टेंबरला गणपती होते आणि मातीच्या मूर्ती परत माती झालेल्या.

आम्ही अंगणात नळी लावून भांडी धुवायला बसलो. आईचे धान्याचे पत्र्याचे डबे होते, उभे, झाकणाचे, माझ्या जन्माच्या आधीपासूनचे. मी त्यातला तांदळाचा डबा आडवा करून आत हात घालून घासत होतो आणि बोटाला काही तरी खरखरीत लागलं. उजेडात धरला. आतल्या बाजूला, तळापासून वीतभर उंचीवर, खिळ्यानं ओढलेली आडवी रेघ. गंज वाटला. मग गव्हाचा डबा घेतला. त्यातही रेघ. साखरेच्या डब्यात अगदी वर, निम्म्याच्याही वर. चहापत्तीच्या डब्यात खाली, बोटभर. डाळीच्या डब्यात दोन रेघा, एक खोडलेली.

"आई, हे काय आहे?"

आई गाळातून चमचे वेचत होती. "रेघ आहे. दिसत न्हाई व्हय?"

"कशाची?"

"तांदूळ रेघेच्या खाली गेला की दुकानात सांगायचं. तुझ्या आण्णाला विचारत बसायला येळ कुणाला होता? डबा उघडला की डबाच सांगतो."

"मग साखरेची एवढी वर का?"

माझ्याकडं तिनं असं बघितलं की जणू मी दुसरीतला पोरगा. "तवा साखर रेशनवर होती. दुकानात आली म्हणून कळायचं, मग रांग, मग संपली म्हणायचा, परत आठ दिवस. पंधरा दिवस लागायचे मिळायला. मग पंधरा दिवसांची आधीच शिल्लक नको? चहापत्ती काय, कोपऱ्यावर मिळत्या."

मी वर्कशॉपमध्ये टूलचे इन्सर्ट, म्हणजे बदलायची कापणारी पाती, किती उरले की नवे मागवायचे, याचा आकडा भिंतीवर लिहून ठेवतो आणि त्याला रीऑर्डर लेव्हल म्हणतो. फार शहाणा माणूस! माझ्या आईनं चौथी शिकून पन्नास वर्षांपूर्वी खिळ्यानं तेच केलं होतं आणि मी तेच तांदूळ खाऊन मोठा झालो, तरी मला त्या डब्यात कधी डोकवावंसं वाटलं नव्हतं. डाळीच्या डब्यातली खोडलेली रेघ आण्णा गेल्यावरची. माणूस कमी झाला म्हणून रेघ खाली आणली होती. तेव्हा मात्र मी डबा ठेवून आत गेलो.

त्या दिवशी मला ३९ आणि ४३ चा अर्थ लागला. ते चार फूट म्हणजे पाण्याची उंची नव्हे, तो निघायला मिळालेला वेळ आहे. आणि रेघ कुठं ओढायची, ते 'किती झालं की वाईट' यावर ठरत नाही. 'आवरायला आपल्याला किती वेळ लागतो' यावर ठरतं. मी आळशी माणूस. माझ्या रेघा वर असायला हव्यात, साखरेसारख्या.

पण कळलं म्हणून वळलं असं नाही. २०१९ नंतर मी मोठ्या उत्साहानं एक पूरपिशवी केली. रेक्झिनची, चेन असलेली. कागद प्लॅस्टिकमध्ये, बॅटरी, आईची औषधं, चार्जर, थोडे पैसे. सगळ्यांना दाखवली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, या वेळी ५६ फूट ३ इंच. मी रुबाबात कपाटाच्या वर हात घातला, तर पिशवी हलकी. मधल्या काळात आम्ही नृसिंहवाडीला गेलो होतो आणि एवढी चांगली पिशवी पडून आहे म्हणून कुणी तरी ती रिकामी करून कपडे भरून नेली होती. कुणी तरी म्हणजे मीच. कागद परत कपाटात 'तात्पुरते' ठेवलेले. या वेळी निदान वेळेत निघालो, ४१ फुटांवरच, एवढीच सुधारणा.

तेव्हा ध्यानात आलं की एकदा आवरलेलं आवरलेलंच राहतं, हा माझा गैरसमज होता. पाणी दर वर्षी येणार असेल, तर पिशवीही दर वर्षी उघडून बघायला हवी. कधी? मोबाईलवर आठवण लावून पाहिली. मोबाईल वाजतो, आपण बोटानं सरकवतो, संपलं. मग आईनंच सांगितलं, "मिरगाला बघायची." मृग नक्षत्र लागतं ७ जूनच्या आसपास. त्या दिवशी आमच्याकडं आई अजून पावसाळ्याची तयारी म्हणून छत्र्या काढते, दोऱ्या बघते. त्यातच पिशवी. नवा दिवस शोधायला गेलो असतो तर विसरलो असतो. मिरग विसरायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

हे मला फार उपयोगी पडलं. आपल्याकडं आवरायचे दिवस आधीच लावून ठेवलेत. घट बसायच्या आधी अख्ख्या घरातल्या वाकळा, चादरी धुऊन निघतात. माझ्या लहानपणी आई आणि शेजारच्या काकी हातगाडीवर बोचकी टाकून पंचगंगेवर जायच्या. वर्कशॉपमध्ये खंडेनवमी. त्या दिवशी उद्यमनगरात मशीन चालत नाही. प्रत्येक पाना, प्रत्येक ड्रिल रॉकेलनं धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पूजेला मांडतात. आणि मांडायला घेतलं की वर्षभर हरवलेला अठरा-एकोणीसचा पाना टेबलाच्या मागं हमखास सापडतो. मी आता त्याच दिवशी वर्कशॉपची कागदपत्रं बघतो. विमा, मोजमापाच्या हत्यारांची तपासणी, अग्निशामकाची तारीख. व्हर्नियरला कुंकू लावता लावता तिच्या प्रमाणपत्राची मुदत बघायची. देव रागावत नाही.

रोजचं त्यापेक्षा अवघड. रोजच्याला सण नसतो. पण बारकाईनं बघितलं तर रोजही काही गोष्टी आपल्याला न विचारता घडत असतात. आमच्या गल्लीत नळाला पाणी सकाळी ठरल्या वेळेला येतं. तेव्हा अख्खी गल्ली जागी होते. शिस्तीचा कितीही कंटाळा असलेला माणूस असो, पाण्याची वेळ चुकवत नाही. मी पाण्याला उठतोच. टाकी भरेस्तोवर पंचवीस मिनिटं तिथंच घुटमळायचं असतं. पूर्वी मोबाईल बघायचो. आता त्या वेळात जिन्यातल्या चपला लावतो, आदल्या दिवसाची बिलं खिशातून काढून तारेला टोचतो. दूध तापवायचं काम माझ्याकडं आहे. म्हशीचं दूध, मंद आचेवर, हलायचं नाही. ते वर येईस्तोवर ओटा पुसायचा, डब्याची झाकणं जोडीला लावायची. पहाटे पाचला उठून गार पाण्याची अंघोळ काही जमली नाही. दूध उतू जाऊ नये म्हणून उभा असलेला माणूस ओटा मात्र पुसतो.

कागदांचं दुखणं मोठं होतं. जीएसटीचं रिटर्न आमचं दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं. एका वर्षी खरेदीची बिलं सापडेनात, आज शोधू, उद्या शोधू करत ३४ दिवस गेले. दिवसाला ५० रुपये, म्हणजे १७०० रुपये उशिराचे, वर कराच्या रकमेवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम काही घर विकावं लागेल अशी नव्हती, पण हिशेब बघणाऱ्या पोरानं "काका, बिलं तर तुमच्या गाडीच्या डिकीत होती" असं म्हटल्यावर जी लाज वाटली ती जास्त महाग होती. २० ही धोका पातळी. मला बिलं गोळा करायला, चिडायला, बायकोवर आळ घ्यायला आणि मग डिकीत बघायला आठ-नऊ दिवस लागतात, हे आता ठाऊक आहे. म्हणून माझी रेघ १० तारखेला. दहाला तार काढून जशीच्या तशी त्या पोराच्या टेबलावर ठेवायची. जुळलंय की नाही, बघायचं नाही.

लाईट बिल, विम्याचे हप्ते यांना मात्र रेघही नको. ते मी सरळ बँकेला सांगून टाकलं. राधानगरीला सात स्वयंचलित दारं आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपापली उघडतात, कमी झालं की मिटतात. तिथं रात्री कुणी जागं राहून बटण दाबत नाही. शाहू महाराजांनी मनावर घेतलेलं ते धरण अजून आम्हाला पाणी पाजतं, आणि मला त्या दारांचा जेवढा हेवा वाटतो तेवढा पहाटे उठणाऱ्या कुठल्या माणसाचा वाटत नाही.

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना रबर लावलंय. दोन पाकिटं शिल्लक राहिली की ती रबरात. रबर सोडायची वेळ आली म्हणजे त्याच दिवशी दुकानात जायचं. हे आईचंच डोकं. मला म्हणाली, "गोळीच्या पाकिटावर खिळा कसा मारायचा?"

सगळं जमलं असं समजू नका. स्वयंपाकघरातल्या बरण्यांना मुलीनं छापील लेबलं लावली होती. दोन महिन्यांत जिऱ्याच्या बरणीत मोहरी आणि 'ओवा' लिहिलेल्या बरणीत सुटे पैसे. उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी कुठल्याही लेबलाशिवाय बरोबर जागेवर असते, कारण तिच्यावाचून कुणाचं जेवण होत नाही. मोबाईलमधलं कामाच्या यादीचं अ‍ॅप मी उत्साहानं घेतलं. त्यात अजून एक काम लाल होऊन बसलंय : 'अ‍ॅप वापरायला शिकणे'. गाडीची डिकी तर सांगण्यासारखी नाही. तिथं माझा अजून महापूर आहे.

आणि खुर्ची. तिच्या हातावर मी वर्कशॉपमधला लाल रंग ब्रशनं ओढला, दोन बोटं रुंद पट्टा. कपडे तिथवर आले की त्याच रात्री घडी, धुणं किंवा इस्त्री, तीनपैकी एक. पट्टा वाळायच्या आत आई येऊन बघून गेली. "चांगली सागवानी खुर्ची घाण केलीस," म्हणाली. बायको आता फक्त "एकोणचाळीस" एवढंच म्हणते आणि मी उठतो. महिन्यातून दोन-तीनदा त्रेचाळीसही होतं.

यंदाचा मिरग होऊन चार दिवस झाले. पिशवी बघायची राहिली होती. हे लिहिता लिहिता उठलो आणि काढली. उतारा आहे, दाखला आहे, विमा आहे, आईच्या गोळ्या, बॅटरी, पैसे. तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला रिमोट. टीव्ही २०१९ सालीच भंगारात गेला. मी तो रिमोट काढायला लागलो, तर आई म्हणाली, "राहू दे. मागच्या खेपेला त्याच्यामुळं सगळी हसली."

सेल तेवढे काढून ठेवले.